बिरादार विरुद्ध बिरादार

राजी हैदराबादहून परत आली तेव्हा मी गिरणीत गुरव मास्तरांची ज्वारी दळत होते. मल्लू तिच्या खांद्यावर झोपलेली. फ्रॉकवर ओकारीचा डाग वाळून कडक झालेला.

"काय झालं गं?" गिरणीच्या आवाजात मी ओरडून विचारलं.

"तारीख."

"अन् मागच्या वेळी?"

"तेव्हाही तारीखच, अव्वा. तेव्हा जज्ज रजेवर होते. आज यांचे वकील आले नाहीत."

"अन् तो?"

"ते आले होते. मल्लूसाठी चॉकलेट आणलं होतं."

मी गिरणी बंद केली. मास्तरांचं दळण अर्धं राहिलं, राहू दे म्हटलं. लेकरू खांद्यावर घेतलं तर अंगाला आंबूस वास. चार वर्षांची पोर, बस बिदरच्या पुढं गेली की तिचं पोट ढवळायचं. आणि राजीला दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात ड्युटी. नर्सची नोकरी खाजगी दवाखान्यातली, मागची रजाच डॉक्टरांनी तोंड वाकडं करून दिलेली.

आता हा 'तो' म्हणजे कोण, ते सांगून टाकते. तो माझा लेक, शिवकुमार. राजी, म्हणजे राजेश्वरी, माझी सून. आमच्यात आईला अव्वा म्हणतात, सूनही तेच म्हणते. लेकानं सुनेवर घटस्फोटाची केस घातली आणि सून सासूच्या घरात राहते, हे ऐकून उदगीरच्या बायका डोळे वटारायच्या. वटारू देत. माझं घर, माझी गिरणी, मालक गेल्यापासून मीच चालवते.

झालं असं, की पंचमीला लेकी माहेरी जातात. राजीचे आईबाप नव्हते, भाऊ होता पण भावजय असली की माहेर कसलं. म्हणून ती दर पंचमीला माझ्याकडं यायची. त्या वर्षी शिवानं तिला आणि मल्लूला बसमध्ये बसवून दिलं, आणि न्यायला काही आला नाही. आला तो समन्स. घटस्फोट पाहिजे आणि पोरगीही पाहिजे. मी फोनवर विचारलं, "अरे, हिचं चुकलं काय?" तर म्हणाला, "तुला नाही कळायचं, अव्वा." नऊ महिने पोटात वाढवलं, त्याचं मला कळायचं नाही!

त्या दिवशी मल्लूला आंघोळ घातली आणि राजीला घेऊन तशीच पत्तेवार वकिलांकडं गेले. पत्तेवार म्हणजे आमचे जुने वकील, मालकांच्या वेळेपासूनचे. खिडकीत बसून सुपारी कातरत होते.

"वकीलसाहेब, हे किती दिवस चालायचं? ही एकदोन तारखांना गेली नाही तर काय होतं?"

"एकतर्फी निकाल होतो, मावशी. तो मागेल ते मिळू शकतं. घटस्फोटही, आणि मुलगीही."

राजीनं मल्लूचा हात घट्ट धरला. मल्लू म्हणाली, "दुखतंय ना गं."

"मग केस उदगीरला आणा की," मी म्हटलं. "आमच्यात नवराबायकोचं भांडण असलं की बैठक बाईच्या दारात बसते. बाप्यानं चार माणसं घेऊन तिच्या ओसरीवर यायचं. बाईनं जायचं नसतं. हे काय उलटंच!"

"कायद्यात दोन्ही आहे. शेवटचं जिथं नांदले तिथंही केस घालता येते. ते हैदराबादला नांदले, त्यानं आधी घातली."

"मग इथल्या जज्जाला सांगून इकडं ओढून घ्या."

"त्यांच्या हातात नाही."

"लातूरच्या मोठ्या जज्जाच्या?"

"त्यांच्याही नाही."

"औरंगाबादचं हायकोर्ट मग? का तेही नुसतं नावालाच?"

पत्तेवारांनी अडकित्ता खाली ठेवला. "मावशी, औरंगाबादवाले लातूरची केस बीडला नेतील, बीडची परभणीला नेतील. पण हैदराबाद पडलं दुसऱ्या राज्यात. तिथल्या कोर्टाला यांनी एक शब्द बोलायचा नाही."

"कामून? मोठं आहे ना?"

"मोठं आहे, पण आपल्या घरात. त्यांचं हायकोर्ट त्यांच्या घरात मोठं."

मला हसू आलं. माझे सासरे निजामाच्या राज्यात वाढले. जमिनीच्या भांडणासाठी ते हैदराबादलाच जायचे, तेव्हा उदगीर त्याच राज्यात. आता तेच हैदराबाद परक्याचं घर झालं होतं.

"म्हणजे दोन सुनांच्या दोन चुली," मी म्हटलं. "हिच्या चुलीवरचं पातेलं तिनं उतरवायचं नाही."

"अगदी बरोबर!"

"मग उतरवायचं कोणी?"

"सासूनं," पत्तेवार हसले. "ती दिल्लीला राहते."

पत्तेवारांच्या ओळखीची एक वकीलबाई दिल्लीला होती, देवणीकर नावाची. आमच्या शेजारच्या देवणीची पोर, सुप्रीम कोर्टात काम करायची. तिनं अर्ज घातला: हैदराबादची केस उदगीरला पाठवा. थोड्या दिवसांनी तिचा फोन आला, की दिल्लीनं हैदराबादच्या कोर्टाला सध्या थांबायला सांगितलंय. आणि खरंच थांबलं की! पुढची तारीखच पडली नाही. मी सुपातले खडे वेचत ते ऐकलं आणि मनात म्हटलं, सासू असावी तर अशी.

मग दोघांनाही दिल्लीला हजर राहायला सांगितलं. राजी म्हणाली, "अव्वा, तुम्ही कशाला येता, गुडघे दुखतात." मी म्हटलं, "गुडघे इथं काय कमी दुखतात?" मल्लूला शेजारच्या ललिताकडं ठेवलं, धपाटे आणि शेंगाची चटणी बांधून घेतली आणि निघालो. धपाटे मी तिघांचे केले होते. राजीनं मोजून बघितले आणि पुडी पिशवीत ठेवली.

कोर्टाच्या दारात आमचे फोटो काढून पास दिले. शिपायानं पिशवी उघडून वास घेतला. "घर का खाना है, खाओ," मी म्हटलं, तर तो लाजला. आत लांबच लांब व्हरांडा, काळ्या कोटांची झुंबड. भिंतीला लावलेल्या यादीत देवणीकरबाईनं आमचं नाव दाखवलं. राजीनं वाचून दाखवलं मला: राजेश्वरी बिरादार विरुद्ध शिवकुमार बिरादार. माझ्या नवऱ्याचं आडनाव, दोन्ही बाजूंना. मालक असते तर त्यांनी तिथंच खाली बसकण मारली असती.

तेवढ्यात समोरून शिवा आला. वाळला होता. शर्टाची कॉलर मळलेली, हा पोरगा कधी मळकी कॉलर घालायचा नाही. मला बघून थबकला, मग वाकून पाया पडला.

"अव्वा, तू कामून आलीस? मल्लू कुठंय?"

"ललिताकडं. जेवलास का?"

"जेवणाचं राहू दे." त्यानं मला खांबाआड नेलं. "तिथं तुला काही विचारलं तर खरं तेवढं सांग. मल्लूला तूच सांभाळतेस ना? राजी ड्युटीला गेली की?"

"मग कोण सांभाळणार? तू?"

"एवढंच सांग. बाकी काही नको." आणि गेला.

मला काही कळेना. देवणीकरबाईला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. "काकू, त्यांचा मुद्दाच तो आहे. राजीताईंना त्रास काय, तर लहान मूल घेऊन एवढा प्रवास. ते म्हणणार, मूल आजीकडं राहील, भाडं आम्ही देऊ, मग त्रास कसला? केस हैदराबादलाच चालू द्या."

"अन् मी म्हटलं, मी सांभाळत नाही, तर?"

बाईनं हातातली फाईल मिटली. बोलली राजी. "अव्वा, माझ्यासाठी खोटं बोलायचं नाही. देवाच्या दारात उभं राहिल्यासारखं खरं सांगा."

"ही बघा शहाणी!" मी चिडले. "खरं सांगितलं तर पोर जाते, त्याचं काय?"

"जाईल तर जाईल," ती म्हणाली, पण तिचा आवाज फाटला.

आत दोन जज्ज उंचावर बसले होते. मोठं दालन, मोठे पंखे, पण बोलणं एवढं हळू की आमच्या गिरणीत त्यातलं अक्षर ऐकू येणार नाही. एकेक केस पुकारायची, दोन वाक्यं व्हायची, की दुसरी. मी मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. पंचमी, समन्स, पोरीच्या ओकाऱ्या, फोनवरचं ते "तुला नाही कळायचं". एवढ्या लांब आले होते ते सगळं सांगायला. सगळ्या देशातलं मोठं कोर्ट, इथं नाही ऐकायचं तर ऐकायचं कुठं?

आमचं नाव पुकारलं. शिवाचा वकील उंचापुरा, फर्डं इंग्रजी. राजी माझ्या कानात सांगत होती: भाडं देऊ, राहायची सोय करू. मुलीला आणायची गरज नाही, अर्जदाराची सासू त्याच घरात राहते, मूल तीच सांभाळते. आणि आमच्या अशिलाला उदगीरला जाणं अवघड आहे, तिथं त्याला राहायला जागा नाही, तिथले लोक दबाव आणतील.

थोरल्या जज्जांनी मान वर केली. "सास कहाँ है?"

"इथंच आहे," देवणीकरबाई म्हणाली.

सगळ्या काळ्या कोटांनी वळून बघितलं. मी उभी राहिले. गुडघा कट्टकन वाजला.

"माताजी, आप किसकी तरफ से आई हैं?" जज्जांनी विचारलं.

आमची हिंदी उदगीरची, ती काय दिल्लीला शोभते? पण बोलले. "दोनोंके तरफ से, साब. एक बेटा, एक बहू."

कोणीतरी हसलं. जज्ज हसले नाहीत. "बच्ची को आप सँभालती हैं?"

राजी खाली बघत होती. पलीकडं शिवा माझ्याकडं बघत होता, लहानपणी शाळेत नाटकात उभा राहिला की मला शोधायचा तसा. एक 'नाही' म्हटलं की झालं होतं. कोणाला कळलं असतं? माझ्या जिभेवर आलंही होतं.

"सँभालती, साब," मी म्हटलं.

शिवाच्या वकिलानं लगेच हात पसरले, झालं की नाही, अशा थाटात. माझा संताप झाला. "पर सुनो तो सही! इसने क्या किया, पंचमी को भेजा और..."

जज्जांनी हात वर केला, रागानं नाही. हिंदीतच म्हणाले, कोण खरं कोण खोटं, कोणी काय केलं, ते आम्ही आज बघणार नाही. ते खालचे जज्ज बघतील, साक्षी ऐकतील. आम्हाला फक्त ठरवायचंय, खटला कुठं चालवायचा. तेवढंच बोला.

कुठं! एवढ्या लांबून सगळं सांगायला आले आणि हा माणूस विचारतो, कुठं. मला रडूच आलं असतं. पण रागात माणसाचं डोकं कधीकधी नीट चालतं. मघाशी राजीनं कानात सांगितलेलं आठवलं: तिथं त्याला राहायला जागा नाही.

"साब," मी म्हटलं, "ये बोल रहे, उसको उदगीर में रहने को जगा नहीं. मैं जिस घर में रहती, वो घर उसीच का है. वहीं पैदा हुआ. उसका कमरा है, पलंग है. दरवाजा कभी बंद नहीं करी मैं. माँ के घर आने को बेटे को क्या तकलीफ, साब?"

जज्जांनी शिवाला पुढं बोलावलं. "ये घर आपका है?"

"जी," शिवा म्हणाला.

"आप वहाँ ठहर सकते हैं?"

शिवानं माझ्याकडं बघितलं नाही. मान डोलावली. नाही म्हणायला तोंडच नव्हतं त्याला.

दोघा जज्जांनी एकमेकांशी दोन शब्द केले आणि थोरले सांगू लागले, बाजूला बसलेला लिहून घेऊ लागला. राजीनं माझं मनगट दाबलं. केस उदगीरला. पुढचं नाव पुकारलंसुद्धा.

व्हरांड्यात शिवा आला, डोळे लाल. "अव्वा, तू मला हरवलंस. सगळ्यांसमोर."

"मी तुला घरी बोलावलं, येड्या."

मी धपाट्यांची पुडी काढली. त्यानं ती घेतली नाही. मी तशीच हात पुढं करून उभी, आणि तो जिन्यानं खाली उतरून गेला.

देवणीकरबाई खूश होती, पण मी भांडले तिच्याशी. "एवढं मोठं कोर्ट, अन् माझं काहीच ऐकलं नाही! असल्या मोठेपणाचा काय उपयोग? त्यांनी एका शब्दात सांगितलं असतं, पोर आईची आहे, तर कोणी नाही म्हणणार होतं का?"

"कोणी नसतं म्हटलं, काकू. म्हणूनच सांगत नाहीत." ती धपाटं खात होती, शिवाच्या वाट्याचं. "इथं बसून, न बघता, न ऐकता त्यांनी सगळंच ठरवायचं म्हटलं, तर उदगीरच्या जज्जानं काय करायचं? ज्याच्या दारातलं आहे त्यानं ठरवावं."

मला ते पटलं नाही. आगगाडीत नागपूर येईपर्यंत मी कुरकुरत होते.

केस उदगीरला आली. पुढं दोन वर्षं चालली. शिवा तारखेला यायचा, सकाळच्या गाडीनं, आणि संध्याकाळी जायचा. घरी आला नाही. स्टँडसमोरच्या हॉटेलात जेवायचा, ललिताचा नवरा सांगायचा. मी तारखेच्या दिवशी त्याच्या खोलीतली चादर बदलायची, चार भाकरी जास्त टाकायची. रात्री त्या मीच दुधात कुस्करून खायची. राजी एकदा म्हणाली, "अव्वा, मी कुठं दुसरीकडं खोली बघू का? मी गेले तर ते येतील." मी तिच्यावर लाटणं उगारलं. पण रात्रभर तोच विचार करत राहिले, हेही खरं.

शेवटी निकाल लागला. उदगीरच्या जज्जबाईनं दोघांचं सगळं ऐकलं, मल्लूशीही बोलली. घटस्फोट दिला. पोरगी आईकडं. बापानं महिन्यातून एकदा भेटावं.

त्या दिवशी दुपारी मी गिरणी बंद ठेवली होती. अंगणात चप्पल वाजली. बघते तर शिवा, फाटकाच्या आत, ओसरीच्या पायरीपाशी उभा. हातात चॉकलेट.

"अव्वा, आत येऊ?"

दोन वर्षं ज्या एका वाक्याची वाट बघितली ते हेच. दिल्लीत सगळ्यांदेखत मी सांगून आले होते, दार कधी बंद केलं नाही म्हणून. 'ये' हा शब्द ओठावर होता. घर माझं, लेक माझा, मला कोण अडवणार होतं?

आत राजी भाकरी थापत होती. थापायचा आवाज थांबला होता. मला ती दिसत नव्हती, पण तिनं ऐकलं होतं. आता ती कागदावर माझी कोणी नव्हती. तिला भावाकडं जागा नव्हती, आणि मी 'ये' म्हटलं असतं तर तिनं एक शब्द काढला नसता. पदर सावरून त्याला पाणी दिलं असतं, आणि आठ दिवसांत कुठंतरी खोली बघितली असती.

मी दिल्लीच्या जज्जांसारखाच हात वर केला. "थांब. राजीला विचारते."

"तिला?" त्याच्या कपाळावर आठी आली. "हे घर तुझं आहे ना?"

"माझं आहे. पण रोज ती राहते. ती सांगेल."

राजी हात पुसत दारात आली. मी मध्ये बोलले नाही, जीभ दाताखाली धरून उभी राहिले. आयुष्यात एवढं गप्प मी मालकांच्या मयतीलाही बसले नव्हते.

"ओसरीवर बसा," राजी म्हणाली. "मल्लूला पाठवते."

तो ओसरीवर बसला. बैठकीला आलेला बाप्या बसतो तिथंच, खांबाला टेकून. मल्लू आधी लाजली, मग त्याच्या मांडीवर जाऊन चॉकलेटचा कागद सोडवू लागली. मी आत जाऊन ताट वाढलं आणि बाहेर आणलं. माझा एकुलता एक लेक माझ्या घराच्या बाहेर बसून जेवत होता. तो पहिला घास घेताना मी तोंड फिरवलं.

"अव्वा," आतून राजीचा आवाज आला, "त्यांना अजून भाकरी पाहिजे का, विचारा."

मी विचारलं. त्यानं मान वर न करता सांगितलं, "अर्धी."

राजीनं अख्खी पाठवली.